झाकण लावलंत का?

नमस्कार श्रोतेहो.

भर श्रावणात कोकणातल्या एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेचं कपाट उघडा आणि कॅल्शिअम क्लोराईडची बाटली शोधा. जूनमध्ये तिच्यात कोरडे पांढरे खडे होते. आता झाकण जरा सैल राहिलं असेल तर आत चिकट लगदा सापडेल, नाहीतर नुसतं पाणीच. पावसाळ्यात घरातलं मीठ पाघळतं, त्याच्या कितीतरी पुढची ही गत. हे खडे हवेतली वाफ ओढून घेतात. चमचाभर खडे नाजूक काट्यावर ठेवा, आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. आणि गंमत बघा, वर्गात द्रव्य अक्षय्यतेचा नियम, म्हणजे रासायनिक बदलात एकूण वस्तुमान कमीजास्त होत नाही हा नियम, शिकवताना आपण बऱ्याचदा हाच पदार्थ हाती घेतो.

तो प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शंकुपात्रात सोडिअम सल्फेटचं द्रावण, आत दोऱ्यानं टांगलेल्या छोट्या नळीत कॅल्शिअम क्लोराईडचं द्रावण, वर घट्ट बूच. वजन करायचं, पात्र तिरपं करायचं, आत पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, तयार होतो, पुन्हा वजन करायचं. आकडा तोच. मुलं वहीत "म्हणून नियम सिद्ध झाला" असं लिहितात आणि डबे उघडतात.

माझी तक्रार आहे ती इथे. यात खोटं काही नाही, पण मुलाला प्रश्नच पडत नाही. त्यात वायू तयार होत नाही, म्हणजे बूच नसतं तरी आकडा बदलला नसता. मग बूच कशाला लावलं, हे कोण विचारणार? मुलांनी आधी आकडा घसरताना बघावा, असं मला वाटतं.

त्यासाठी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर पुरे. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस घ्या. कोकमाचं आगळही फसफसतं, पण त्याचा रंग पालटायला लागला की सगळा वर्ग रंगच बघत बसतो आणि काट्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. तेव्हा ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पसरट पेल्यात दोन ग्रॅम सोडा आणि पन्नास मिलिलिटर व्हिनेगर एकत्र करा. बुडबुडे उठतात, आकडा खाली येतो. हिशेबानं दोन ग्रॅम सोड्यातून एक ग्रॅमहून किंचित जास्त कार्बन डायऑक्साईड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे काही वेळ पेल्यातच रेंगाळतो आणि थोडा पाण्यात विरघळूनही राहतो. म्हणून घट लगेच पुरी दिसत नाही, सावकाश दिसते. काटा मात्र ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा हवा. आणि पंखा बंद करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात वर्ग कुरकुर करील, करू दे.

आता मुलं म्हणतील, वायू उडाला, तो पकडा. म्हणून बाटलीच्या तोंडाला फुगा लावायचा, ही युक्ती सगळीकडे सुचवली जाते. फुगा टम्म फुगतो, टाळ्या पडतात. पण काटा चांगला असेल तर आकडा तरीही घसरतो! गळती शोधत बसू नका, कारण वेगळं आहे. फुगा साधारण अर्धा लिटर फुगला म्हणजे त्यानं अर्धा लिटर हवा बाजूला सारली. तेवढ्या हवेचं वजन सुमारे ०.६ ग्रॅम. विहिरीत कळशी पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते, तसाच हवाही फुग्याला वर उचलते आणि काटा तेवढं कमी दाखवतो. वस्तुमान जिथल्या तिथे आहे, कमी झाला तो काट्यावरचा भार. एखादी मुलगी उठून म्हणाली, "बाई, आकडा कमी झालाय", तर तिला गप्प बसवू नका. तिनं बरोबर वाचलंय.

म्हणून भांडं असं हवं की ते बंदही राहील आणि फुगणारही नाही. शीतपेयाची एक लिटरची प्लास्टिकची बाटली उत्तम. तळाशी व्हिनेगर, आत अलगद सोडलेल्या छोट्या परीक्षानळीत सोडा, झाकण घट्ट. वजन टिपा. मग बाटली आडवी करा. बाटली कडक होते, दाबली तर दबत नाही, पण आकडा हलत नाही. मग झाकण हळूच सैल करा. फुस्स होतं आणि काटा साधारण अर्ध्या ते पाऊण ग्रॅमनं खाली येतो. त्या "फुस्स"ला वजन आहे हे ज्यानं काट्यावर पाहिलं, त्याला झाकण कशासाठी होतं ते सांगावं लागत नाही.

या झाकणानं थोरामोठ्यांनाही चकवलंय. रॉबर्ट बॉईलनं धातू बंद काचपात्रात तापवले, पण वजन करण्याआधी पात्र उघडलं. हवा आत शिरली, वजन वाढलेलं दिसलं. १६७३ मध्ये त्यानं लिहिलं की आगीचे कण काचेतून आत आले. १७५६ मध्ये रशियात लोमोनोसोव्हनं पात्र न उघडता वजन केलं, तेव्हा वाढ दिसली नाही. पुढे १७७४ मध्ये फ्रान्सच्या लव्हाझिएनं कथिल बंद पात्रात तापवून आधी आणि नंतर वजन केलं. फरक नाही. मग पात्र उघडलं, हवा आत घुसली आणि वजन वाढलं. धातूनं जेवढी हवा खाल्ली होती, तेवढीच ही भर होती. हा लव्हाझिए पोटापाण्यासाठी सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, त्यामुळे जमाखर्च जुळवायची सवय त्याला असणारच. त्याच करवसुलीपायी ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

आपल्या किनाऱ्यावरचा जमाखर्चही बघण्यासारखा आहे. पूर्वी इथे शिंपल्या भट्टीत भाजून चुना करत. शिंपली म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. ते शुद्ध १०० ग्रॅम घेऊन सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजलं, तर ५६ ग्रॅम कळीचा चुना हाती येतो. ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साईड धुराबरोबर गेला. चुन्यावर १८ ग्रॅम पाणी घातलं की तो रटरटतो, तापतो आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. तो भिंतीला लावला की वर्षानुवर्षं हवेतून तेच ४४ ग्रॅम परत घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडून देतो आणि भिंतीवर पुन्हा १०० ग्रॅम कार्बोनेट उभं राहतं. जुन्या वाड्याचा गिलावा खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, तो शिंपलीसारखाच फसफसेल.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी. कळीच्या चुन्याचा प्रयोग झाकण लावून करू नका. त्याच्या उष्णतेनं वाफ होते, आणि उडालेला चुना डोळ्यात गेला तर इजा होते. सोड्याच्या प्रयोगालाही काचेची बाटली नको, आणि सोडा दोन ग्रॅमच, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा. मागच्या बाकावरून "सर, अजून टाका" असा आवाज येईल. झाकण खिशात ठेवून त्यांना खुशाल मैदानात न्या आणि हवा तेवढा फेस काढू द्या.

नमस्कार.