कागद नसलेल्या कलावंताची फाईल

(दृश्य: कापणी झालेली धानाची बांधी, दूर मंडईचा मांडव.)

दिवाळी सरली की झाडीपट्टीतील गावांमध्ये मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा चौकात दंडार किंवा खडीगंमत ही येथील लोकनाट्ये रंगतात आणि रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. या नाटकांचे व्यवहार वडसा, म्हणजे देसाईगंज येथे ठरतात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव विदर्भाबाहेरही आदराने घेतले गेले. माझे काम मात्र मांडवापासून बरेच दूर, कार्यालयातील एका लांब टेबलाशी असते.

(दृश्य: टेबलावर रचलेल्या फाईली, फायलींना बांधलेल्या दोऱ्या.)

ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना 1954-55 पासून चालत आली आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील कलावंतांसाठी अ, ब आणि क असे वर्ग होते व त्यांना अनुक्रमे 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये मिळत असत. 2024 पासून सर्वांना दरमहा 5,000 रुपये दिले जातात. जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त 100 जणांची निवड होते आणि ती करणाऱ्या समितीत माझ्यासारखे कलेशी संबंध असलेले काही सदस्य असतात. ज्या घरात धानाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, त्या घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे येथील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

अर्जासोबत वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि कलेतील योगदानाचे पुरावे जोडायचे असतात. माझी सगळी अडचण या तिसऱ्या गोष्टीशी येऊन थांबते. भजनी मंडळाच्या अध्यक्षाकडे प्रमाणपत्रे असतात, नाटकातल्या नायकाकडे त्याचे छायाचित्र छापलेली पत्रके असतात. पण खडीगंमतीत शाहिराच्या मागे उभे राहून रात्रभर तुणतुणे वाजवणाऱ्याचे नाव कोणत्याही पत्रकावर छापले जात नाही.

पहिल्या वर्षी माझ्यासमोर अशीच एक पातळ फाईल आली. आधार कार्डावरची जन्मतारीख 1 जानेवारी होती. शाळेचा दाखला नसलेल्या त्या पिढीतील कित्येकांची तीच असते. कलाप्रकाराच्या रकान्यात कोणीतरी दुसऱ्याच्या हाताने ‘दंडार, बाईचे काम’ असे लिहिले होते आणि पुराव्यादाखल ग्रामपंचायतीचा चार ओळींचा दाखला जोडला होता. मी त्या अर्जाला कमी गुण दिले. शेजारच्या जाड फाईलीला जास्त दिले, कारण तिच्यात कात्रणे होती, सत्काराची छायाचित्रे होती आणि सर्व काही नीट लावलेले होते. त्या दिवशी मी कलेला गुण दिले नव्हते, फाईल लावण्याच्या कौशल्याला दिले होते, हे कळायला मला पुढची मंडई उजाडावी लागली.

(दृश्य: चौकातील दंडार, ढोलकीचा आवाज जवळ येतो.)

त्या मंडईत एक म्हातारा कडेला बसून पोरांना पदन्यास दाखवत होता. एका पोराचा पदर सरकला, तसा तो उठला, त्याच्या अंगावरचे लुगडे त्याने पुन्हा नेसवले आणि मग स्वतःच चार पावले चालून दाखवली. त्या चार पावलांत सत्तरीचा पुरुष कुठेच उरला नव्हता. पाणी आणायला निघालेली, सासूच्या धाकातली एक तरणी सून तेवढा वेळ चौकात चालत होती. गाव विचारले, नाव विचारले आणि माझ्या लक्षात आले की ती पातळ फाईल याच माणसाची होती.

(विराम. ढोलकी थांबते.)

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांना बोलावून पाच मिनिटे ऐकावे, पाहावे. आणि गावाचा दाखला चार ओळींचा नसावा, किती वर्षे, कोणत्या मंडळात, कोणाच्या जोडीने, असे तपशील त्यात मागावेत. सगळ्यांनी ते लगेच मान्य केले असे नाही. फाईली शेकड्यांनी असतात आणि बैठकीचे दिवस मोजके, हा आक्षेप खोटा नव्हता. तरीही त्या वर्षी काही जणांना बोलावले गेले. माझ्या मामाच्या गावचा अर्ज निघाला, तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन बसलो. आमच्याकडे दर दुसरे गाव सोयऱ्यांचे असते, म्हणून हा नियम मी स्वतःला कसोशीने लावून घेतला आहे.

दंडारीतला तो म्हातारा लुगडे पिशवीत घालून आला होता. बैठकीच्या खोलीत ते नेसायला त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने नुसता पदर डोक्यावर घेतला आणि गवळण म्हटली. लिपिक, शिपाई आणि आम्ही सदस्य, सगळे हातातले काम ठेवून ऐकत राहिलो. त्याचा अर्ज त्या वर्षी मंजूर झाला.

(दृश्य: मंडईची रात्र, मांडवातील दिवे, निवेदकाच्या हातातील वही.)

आता मंडईला जाताना मी वही नेतो. कोण काय वाजवतो, किती वर्षांपासून, शिकवले कोणी, हे लिहून घेतो आणि गावच्या सरपंचांकडे त्याची एक प्रत देऊन येतो, म्हणजे पुढे दाखला लिहिताना त्यांना चार ओळींवर थांबावे लागणार नाही. या वर्षीच्या पहिल्या पानावर तीन नावे आहेत. तिघेही तुणतुणेवाले आहेत आणि तिघांपैकी एकानेही अजून अर्ज केलेला नाही.