धाकट्या ल्वारच्या पाणंदी

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समध्ये ल्वार नावाच्या दोन नद्या आहेत. उच्चार दोहींचा एकच. लिहिताना मात्र एकीच्या शेवटी एक अक्षर अधिक येते. थोरली ल्वार तिच्या काठच्या राजवाड्यांमुळे जगाला ठाऊक आहे. मी आज बोलणार आहे ते धाकटीविषयी. बोस नावाच्या गव्हाच्या सपाट मुलखाच्या कडेला तिचा उगम होतो आणि शातोदँ, वाँदोम, मोंत्वार, ला शार्त्र, ला फ्लेश अशी गावे मागे टाकत, सुमारे 320 किलोमीटरचा वळणावळणाचा प्रवास करून ती आंजे शहराच्या उत्तरेला सार्त नदीला मिळते. या खोऱ्यात आणि त्याच्या माथ्यावरच्या रानांत मी ग्रॅव्हल सायकलने फिरलो, आणि तिथल्या रस्त्यांपेक्षा तिथल्या वाटांनीच मला अधिक काही शिकवले.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले असते, पण टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी ठेवतात. त्यामुळे डांबरावर ती बऱ्यापैकी वेगाने जाते आणि मुरूम, खडी, रानातली माती यांवरही तोल सोडत नाही. पुण्या-मुंबईकडचे लांब पल्ल्याचे सायकलस्वार दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीसाठी फ्रान्सला जातात आणि सुमारे 1200 किलोमीटर डांबरी रस्ता तुडवून येतात. तिथवर गेलेल्यांनी आणखी तीन-चार दिवस काढून या खोऱ्यात यावे, असे मला मनापासून वाटते. पॅरिसहून वाँदोमला वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते.

नदीच्या सोबतीने जाणारा, पाट्या लावलेला एक सायकलमार्ग आहेच. तो बहुतेक ठिकाणी शांत, डांबरी गावरस्त्यांवरून जातो आणि लेकराबाळांसह जाणाऱ्यांना अगदी योग्य आहे. परंतु या मुलखाचे खरे रूप पाहायचे असेल, तर जिथे तो मार्ग पाण्याच्या काठाने पुढे जातो तिथे आपण डावी-उजवीकडे वळून चढण धरावी. तिथे ज्या वाटा लागतात, त्यांना फ्रेंचमध्ये ‘शमँ रुराल’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘ग्रामीण वाट’. पण मराठीत त्यांना नेमका शब्द आहे, तो म्हणजे पाणंद. दोन शेतांच्या मधून, कुंपणांच्या कडेने, द्राक्षमळ्यातून रानात जाणारी, बैलगाडीच्या मापाची, गावाच्या मालकीची आणि सर्वांना मोकळी वाट.

या पाणंदींची कहाणी आपल्या ओळखीची वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत फ्रान्समध्ये शेतजमिनींचे एकत्रीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. तुकडे जोडून मोठी शेते केली गेली, ट्रॅक्टरला वळायला जागा झाली, धान्य वाढले. पण त्या ओघात कुंपणांच्या झाडोऱ्याबरोबर असंख्य जुन्या वाटाही नांगराखाली गेल्या. उरलेल्या वाटा ग्रामपंचायतीच्या खाजगी मिळकतीत मोडतात. म्हणजे असे की, लोकांची वहिवाट संपली तर गाव ती वाट विकू शकते, आणि शेजारच्याने तीस वर्षे निर्वेध ताबा ठेवला तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. जिल्ह्याने पायी फिरण्याच्या वाटांची अधिकृत यादी करावी, असा कायदा 1983 मध्ये झाला. त्या यादीत नोंदलेली वाट विकायची झाल्यास तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट द्यावी लागते. कागदाचा हा आधार मोठा आहे, तरीही वाट जिवंत राहते ती मुख्यतः वापरल्यानेच. आपल्याकडे पाणंद रस्त्यांवरच्या अतिक्रमणांचे तंटे तहसील कचेरीत वर्षानुवर्षे चालतात. ज्यांनी ते पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

खोऱ्याची जमीन पाहायची असेल, तर मोंत्वारच्या पश्चिमेला त्रो नावाचे गाव आहे, तिथे थांबावे. हे गाव उतारावर मजल्यांसारखे वसले आहे आणि त्यातली कित्येक घरे डोंगरात कोरलेली आहेत. इथला दगड म्हणजे त्युफो, सायीच्या रंगाचा मऊ चुनखडक. तो करवतीने कापता येतो. चर्च आणि वाडे याच दगडाने बांधले गेले, आणि दगड काढून झालेल्या पोकळ्यांत माणसे राहिली, दारूची पिंपे राहिली. पाणंदींवरही हाच पांढरा चुरा पसरलेला असतो. कोरड्या दिवसांत तो टायरखाली पिठासारखा कुरकुरतो. पावसानंतर मात्र त्याचा लगदा होतो, तो फ्रेमला चिकटतो आणि वाळल्यावर चुन्यासारखा घट्ट बसतो.

ला शार्त्रजवळ उत्तरेच्या काठावर झास्निएरचे द्राक्षमळे आहेत. शेनँ या एकाच जातीच्या पांढऱ्या द्राक्षांचे हे मळे दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत आणि 1937 पासून त्यांच्या वारुणीला स्वतःचे संरक्षित नाव आहे. वेलींच्या ओळींमधून वर जाणारी वाट लांब नाही, पण तिचा चढ छातीवर येणारा आहे. खाली नदी, कुरणे, पॉपलरच्या रांगा दिसत राहतात आणि माथ्यावर पोहोचताच जमीन एकदम बदलते. पांढरा चुनखडक संपतो. तपकिरी चिकणमाती लागते आणि तिच्यात चकमकीचे दगड विखुरलेले असतात. फुटलेल्या चकमकीची धार काय असते, याचा अनुभव मी तिथेच घेतला. मागच्या टायरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा काप गेला. या टायरांत ट्यूब नसते, भोके बुजवणारा चिकट द्रव असतो; तो फसफसत बाहेर आला, पण काप बुजला नाही. मग चाक काढून, जुन्या टायरचा कापून ठेवलेला तुकडा आतून अस्तरासारखा लावला, ट्यूब घातली आणि हलकी हवा भरून पुढे निघालो. इकडे येणाऱ्याने असा तुकडा आणि एक ट्यूब जवळ ठेवावीच. मुलखाचा भूगोल पुस्तकात चुनखडक आणि चकमक अशा दोन शब्दांत असतो. तो हाताला कळायला अर्धा तास चिखलात बसावे लागले, याचे मला वाईट वाटत नाही.

माथ्यावरून पुढे गेले की बेर्सेचे रान सुरू होते. सुमारे 5400 हेक्टरचे हे ओकचे रान सरकारी मालकीचे आहे आणि राष्ट्रीय वनविभाग त्याची निगा राखतो. 1669 मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात वनांविषयीचा राजादेश निघाला. पुढच्या पिढ्यांच्या जहाजांसाठी लाकूड राहावे, हा त्यामागचा मोठा हेतू होता. त्या शिस्तीत वाढलेले ओक आजही इथे उभे आहेत. रोपे दाट ठेवायची, म्हणजे ती उजेडासाठी सरळ वर जातात. मोठ्या झाडांच्या पायाशी बीच नावाचे झाड वाढू द्यायचे, म्हणजे ओकच्या खोडावर सावली राहते आणि आडव्या फांद्या फुटत नाहीत. मग विरळणी करत करत दोनशे वर्षे वाट पाहायची. झाड लावणारा ते तोडलेले कधीच पाहत नाही. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली आणि मनोरा कोसळला, तेव्हा नव्या मनोऱ्याच्या तळाच्या चौकटीसाठी आठ ओक याच रानातून निवडले गेले. मार्च 2021 मध्ये, खोडात रस चढण्याआधी, ते तोडले.

रानातले रुंद, खडी टाकलेले रस्ते याच लाकडाच्या वाहतुकीसाठी आहेत, आपल्यासाठी नव्हेत, हे ध्यानात ठेवून चालवावे. तोंडाशी आडवा दांडा असतो, तो मोटारींसाठी. सायकलला बाजूने वाट असते. तोडीचे काम चालू असल्याची पाटी दिसली, तर ती वाट सोडून द्यावी, मग नकाशात रेघ कितीही सरळ दिसो. ओल्या दिवसांत लाकूड ओढणारी यंत्रे मऊ मातीत गुडघाभर चाकोऱ्या पाडतात, तेव्हा खडीवरच राहणे आपल्याही आणि रानाच्याही हिताचे. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. हाक्याच्या दिवशी कडेला फलक लावतात, त्या बाजूला फिरकू नये. मे आणि जून हे महिने मला सर्वांत चांगले वाटले. उंच गवतातून गेल्यावर संध्याकाळी पायांवर गोचीड बसली आहे का, हे मात्र नीट पाहावे.

झुपी हे रानाच्या कडेचे गाव. इथले लोक एकेकाळी लाकडी पादत्राणे घडवत. तिथून आत गेल्यावर, जुन्या ओकांच्या राईत, 1934 मध्ये वीज पडून गेलेल्या एका प्रसिद्ध झाडाचा बुंधा छोट्या छपराखाली जपून ठेवला आहे. मी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि राईत वाऱ्याचा आवाज फक्त वर, पानांत होता. खाली पान हलत नव्हते. छपराच्या पलीकडे कुंपण घातलेल्या तुकड्यात ओकची गुडघ्याएवढी रोपे इतकी दाट उगवली होती की पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिथे पाणी प्यालो, टायरचे अस्तर जागेवर आहे ना हे दाबून पाहिले आणि शातो-द्यु-ल्वारच्या स्टेशनाकडे उतरणारी पांढरी पाणंद धरली.

नमस्कार.