टार्नोफ्स्के गुरी: खाणीतल्या पाण्यावर उभं राहिलेलं शहर

[दृश्य: अरुंद दगडी बोगदा, त्यातून सरकणारी होडी]

होडी चाललीय तो बोगदा खनिज वाहून न्यायचा असावा, असं बघणाऱ्याला वाटतं. तो फक्त पाणी घालवण्यासाठी खणला होता.

दक्षिण पोलंडमधल्या सायलेशियातलं हे शहर. 1526 मध्ये इथे खाणकामाला मोकळीक मिळाली. आधी शिसं आणि त्यातून निघणारी चांदी, पुढे जस्त. पण इथला डोलोमाइट खडक भेगाळलेला. जितकं खाली जावं तितकं पाणी जास्त. घोड्यांच्या रहाटांनी उपसा व्हायचा, पण खालचं खनिज बुडूनच राही.

[दृश्य: वाफेच्या इंजिनाचं जुनं रेखाचित्र]

1784 मध्ये प्रशियाच्या, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मन राज्याच्या सरकारने फ्रीडरिख खाण सुरू केली. 1788 मध्ये वेल्सहून वाफेचं इंजिन आलं. ते बघायला 1790 मध्ये जर्मन कवी गटेही येऊन गेला. इंजिन मात्र कोळसा खातं. पाणी जितक्या उंच चढवावं तितका जास्त. म्हणून निचऱ्याचा बोगदा हवा. खालून उपसलेलं पाणी जमिनीपर्यंत न आणता बोगद्यात सोडायचं, बोगद्याच्या वरच्या थरातलं तर आपसूकच वाहून जातं.

खणायला सुरुवात नदीकाठच्या सखल भागातून, डोंगराच्या दिशेने. उतार अगदी बेताचा ठेवायचा. जास्त दिला तर खाणीखाली पोहोचेपर्यंत बोगदा वर आलेला असतो, आणि मिळवलेली खोली वाया जाते. फार कमी दिला तर गाळ बसतो, पाणी मागे तुंबतं. खरी कसरत इथेच. वाटेत उभ्या विहिरी पाडायच्या: हवा येते, दगड-माती वर काढता येते आणि प्रत्येक विहिरीच्या तळातून दोन्ही बाजूंना एकाच वेळी खणता येतं. तरी खोल फ्रीडरिख बोगद्याला 1821 पासून दहाहून जास्त वर्षं लागली. त्याचं पाणी द्रामा नदीत पडतं.

[दृश्य: पाणीपुरवठा केंद्राची विटांची इमारत]

1880 च्या दशकात हेच पाणी आसपासच्या औद्योगिक गावांना पिण्यासाठी पुरवलं जाऊ लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाण बंद पडली. 2017 मध्ये ही सगळी जलव्यवस्था युनेस्कोच्या यादीत गेली.

बघायला जागा दोन. एक खाणीचं संग्रहालय, जमिनीखाली सुमारे 40 मीटर. दुसरा काळ्या ट्राउट माशाचा बोगदा, म्हणजे खोल फ्रीडरिख बोगद्याचाच एक भाग: दोन विहिरींमधला 600 मीटरचा होडीप्रवास. आत बारा महिने दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, तेव्हा उन्हाळ्यातही जॅकेट हवंच.