घामोळं: चोपडायचं कमी, वारं द्यायचं जास्त

(वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, एप्रिल लागला की दवाखान्यात घामोळ्याचे पेशंट वाढतात, आणि बहुतेकांच्या अंगावर आधीच काहीतरी चोपडलेलं असतं. कुणी खोबरेल, कुणी मुलतानी माती, कुणी मेडिकलातून आणलेली ट्यूब. परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनू, पावडरीचो डबो संपलो, तरी खाज काय जाणा नाय." बाळाच्या मानेची वळी उघडून पाहिली, तर पावडर आणि घाम मिळून पांढरा लगदा झालेला आणि त्याखाली कातडी लालभडक. आजींची माया खरी होती, पण त्या वळीला हवी होती फक्त हवा.

विदर्भात पारा 44-45 वर जातो. आपल्याकडे किनाऱ्यावर तो सहसा 35च्या आत असतो, तरी घामोळ्याने आपण हैराण. कारण इथली हवाच ओली. घाम येतो, पण वाळत नाही. कातडी तासन्‌तास भिजलेली राहिली की तिचा वरचा थर फुगतो आणि घामाच्या नळीचं तोंड बंद होतं. पन्हळीत पातेरा, म्हणजे वाळका पाला, अडकला की पाणी भिंतीत झिरपतं ना, तसा आतला घाम कातडीतच झिरपतो.

नळी अगदी वरवर तुंबली तर दवबिंदूसारखे पारदर्शक फोड येतात, खाज नसते, हात लागला तरी फुटतात. तान्ह्या बाळांत हे नेहमीचं, एक-दोन दिवसांत आपोआप जातं. थोडं खोल तुंबलं की आपलं ओळखीचं लाल घामोळं: बारीक पुटकुळ्या, खाज आणि घाम आला की सुया टोचल्यासारखी चुणचुण. मान, पाठ, छाती, कमरेला नाडी बांधतो ती जागा, कोपराची घडी, स्तनांखाली. तळहात-तळपायांवर ते सहसा येत नाही.

आता प्रत्येक पुरळ म्हणजे घामोळं नव्हे. बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या, रात्री खाज वाढते आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती खरूज. कडा उठावदार, मध्ये साफ, गोल पसरत जाणारा डाग म्हणजे गजकर्ण. ताप येऊन पाण्याचे फोड टप्प्याटप्प्याने उठले तर कांजिण्या. गांधी उठून काही तासांत जागा बदलत असतील तर ते पित्त, आमसुलाचं पाणी आपण लावतो ते त्याला. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे चीक. आंबे उतरवताना देठाचा चीक उडाला, किंवा काजूच्या टरफलाचं तेल लागलं, की कातडी भाजल्यासारखी होते. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवरचे काळे व्रण घामोळ्याचे नसतात, हे मला आवर्जून सांगायचंय.

उपचार ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? सावलीत या, पंख्याखाली बसा, घट्ट आणि नायलॉनचे कपडे काढा, पातळ सुती घाला. दिवसातून दोन-तीनदा साध्या थंड पाण्याने अंग धुवा, साबण कमी, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. खाजेला कॅलामाइन लोशन चालतं, किंवा थंड पाण्यात भिजवलेलं फडकं. एवढ्याने लाल घामोळं बहुधा काही दिवसांत बसतं.

बाळंतिणीच्या घरात मात्र मला थोडं भांडावं लागतं. मालीश करा, पण मे महिन्यात तेल अंगावर राहू देऊ नका, धुऊन काढा. शेगडी, धुरी, टोपडं, दुपटं हे सगळं एकाच वेळी बाळावर नको. तुम्हाला उकडतंय तर त्यालाही उकडतंय. पावडर तर नकोच. ती उडून बाळाच्या श्वासात जाते.

सगळ्यात जास्त चीड येते ती ट्यूबची. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम कुणीतरी सुचवतं. दोन दिवस खाज थांबते. पण ते गजकर्ण असलं तर आतल्या आत पसरतं, आणि महिनोन्‌महिने लावलं की जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेषा उमटतात. यातली बरीच स्टिरॉइड मलमं 2018 सालापासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तेव्हा चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तर घेऊ नका.

चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. घामोळं अंगभर पसरलं तर त्या भागातून घाम बाहेर येत नाही, मग शरीर थंड होत नाही. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं सुरू झालं तर काम तिथेच थांबवा, सावलीत पडा, अंगावर पाणी घ्या, मीठ-साखरेचं पाणी प्या. शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखान्यात. घामोळं बसल्यावरही आठवडा-दोन आठवडे भर दुपारचं काम टाळा, नळ्या मोकळ्या व्हायला वेळ लागतो.

पुटकुळ्यांत पू झाला, ताप आला, लाली पसरून दुखू लागलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप असेल तर सकाळची वाट बघू नका.

मघाशी एका वहिनींनी विचारलं, मुंबईची मुलं आलीत, समुद्रात जाऊ द्यायची का? जाऊ द्या. ऊन उतरल्यावर जाऊ द्या, आणि घरी आल्या आल्या विहिरीच्या पाण्याने खारं पाणी धुवा. ओल्या चड्डीवर खेळत बसू देऊ नका, तिथेच जांघेत सुरू होतं.