खिचडी, मैदान आणि वाघ्या

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मुलांना शाळेत कचरा कमी करायला कसं शिकवायचं, असा आजचा विषय मला दिलाय. तुम्ही आवाज बारीक करायच्या आत सांगून टाकते, ओला कचरा कुठला नि सुका कुठला, हे मी समजावत बसणार नाही. घंटागाडी तुमच्याही दारात येते. मी सांगणार आहे एका बादलीची गोष्ट.

एकतीस वर्षं मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं, सगळी वर्षं इथंच, कोल्हापुरातल्या पेठांमध्ये. त्यातून एकच गोष्ट कळली. मुलांना कचऱ्याबद्दल सांगायच्या आधी त्यांना तो मोजायला लावा. आधी मोजा, मग बोला. मी मात्र बरीच वर्षं आधी बोलत होते.

गोष्ट साधारण पंधरा वर्षांपूर्वीची. चौथीपर्यंतची शाळा, पट १४०. मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी. सरकारी हिशोब तुम्हाला ठाऊक असेल, पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ. म्हणजे सगळे हजर असले तर आमचा रोजचा तांदूळ १४ किलो. वर डाळ, वाटाणा, तेल. आणि जेवणं झाली की नळाजवळच्या बादलीत खिचडीचा हा ढीग! फाटकाबाहेर एक कुत्रा बसलेला असायचा, पोरांनी त्याचं नाव ठेवलेलं वाघ्या. वाघ कसला, पोत्यासारखा लोळत असायचा. बादली बाहेर गेली की आधी वाघ्याचं जेवण, उरलेलं कोंडाळ्यात, म्हणजे गल्लीतल्या कचराकुंडीत.

मुख्याध्यापकांनी सरळ खिचडी करणाऱ्या मावशींना बोलावून घेतलं. मावशींच्या डोळ्यात पाणी. म्हणाल्या, "बाई, तुम्हीच चाखून बघा. मीठ कमी हाय, का तिखट जास्त? माझ्या घरातबी अशीच करतो मी." मी चाखली. खिचडी उत्तम होती. मग मी काय केलं असेल? भाषण! सगळ्या वर्गांना एकत्र बसवून अर्धा तास. अन्न, शेतकरी, त्याचा घाम, सगळं आणलं त्यात. पोरं इतकी शांत बसली, की मला वाटलं आपण जिंकलो.

आणि त्याच दिवशी बादली नेहमीपेक्षा भरलेली. भाषणानं सुट्टी उशिरा झाली होती ना! पण हे कारण मला तेव्हा कळलं नाही. लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

त्याच आठवड्यात मी रद्दीवाल्याकडून त्याचा हुकाचा ताणकाटा मागून आणला. चौथीतल्या दोघांना काम दिलं, सुट्टी संपली की बादली काट्याला अडकवायची आणि वजन वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी भरलं ६ किलो ४०० ग्रॅम. मुलांचे डोळे विस्फारले. ढीग रोज बघत होती, पण साडेसहा किलो म्हणजे किती, ते काटा ओढला गेल्यावर कळलं. एक जण म्हणाला, "बाई, माझी धाकटी बहीण एवढीच हाय!"

वही एका मुलीकडं होती. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव चिकाटीचा. तिनं रकाने पाडले: तारीख, वार, वजन. आणि चौथा रकाना हवा. का, तर फळ्यावर आम्ही रोज 'आजची हवा' लिहायचो, ऊन, ढगाळ, पाऊस. फळ्यावर आहे म्हणजे वहीत पाहिजेच, एवढाच तिचा विचार. महिना जुलैचा होता. कोल्हापूरचा जुलै मी तुम्हाला काय सांगायचा?

तीन आठवडे गेले. एक दिवस ही पोर वही घेऊन टेबलाशी आली नि म्हणाली, "बाई, मी बघितलो. पाऊस असला की मावशी खिचडी चांगली करत्यात का?"

(आमच्याकडं मुली 'मी बघितलो, मी आलो' असंच म्हणतात. परगावच्या श्रोत्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एकदा माझ्या अख्ख्या वर्गातल्या मुलींना त्यावरून उभं केलं होतं. मला अजून राग येतो. भाषा आईकडून येते, साहेबांकडून नाही.)

तर वही बघितली. ऊन, सहा किलो. ढगाळ, साडेपाच. ऊन, सहा. पाऊस, १ किलो. पाऊस, १ किलो २००. ऊन, परत सहा. मी चक्रावले. दोघी मिळून स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. मावशी म्हणाल्या, "उलटंच की ओ बाई! पावसात सरपण वलं. धुराचा वास लागतोय खिचडीला. पावसात माझी खिचडी बिघडतीया."

ऐका हं. पावसात खिचडी बिघडते आणि पावसातच पोरं ती चाटूनपुसून खातात. तेव्हा दोष खिचडीत नव्हता. मग कुठं होता?

ते सांगितलं आमच्या गोलकीपरनं. चौथीतला, गुडघे कायम सोललेले. त्याला सहज विचारलं, "पावसात तू सगळं कसं काय संपवतोस रे?" तो म्हणाला, "मग काय करायचं बाई? मैदानात तळं असतंय. घाई कशाला?"

श्रोतेहो, कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलबद्दल जास्त सांगायला नको. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठांमधली दुकानं निम्मी ओस पडतात. आमच्या शाळेतही दोन संघ होते, शहरातल्या संघांची नावं लावणारे. एक स्वतःला पाटाकडील म्हणवायचा, दुसरा दिलबहार. आणि मैदान केवढं? दोन चटया टाकून पापड वाळवता येतील, एवढं. दोघांना एकदम खेळता येत नव्हतं. म्हणून शाळेत एक नियम होता, ज्यांचं जेवण आधी, त्यांना मैदान आधी.

नियम चांगलाच होता, नाही का? पोरं रेंगाळायची, ताटं पडून राहायची, म्हणून केलेला. कुणी केलेला? मीच.

म्हणजे बघा. रोज दोन्ही संघ चार घास कोंबणार, ताट बादलीत पालथं करणार आणि मैदानाकडं सुटणार. त्यांचं बघून बाकीची पोरं. ज्या दिवशी मी अर्धा तास अन्नावर बोलले, त्या दिवशी सुट्टी आणखी लहान झाली, बादली आणखी भरली. आणि बोलणी कुणी खाल्ली? मावशींनी.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, क्रम उलटा करू. आधी खेळ, मग हातपाय धुणं, मग खिचडी. ते म्हणाले, "रिकाम्या पोटी पळवता? कोण चक्कर येऊन पडलं तर?" शंका रास्त होती. म्हणून खेळ फक्त वीस मिनिटं, आणि तोही आठवडाभर करून बघायचं ठरलं. पहिल्या दिवशी नळावर चिखलाच्या हातांची ही झुंबड, एकच नळ, निम्मा वेळ त्यातच गेला. तरीही बादली २ किलो. दुसऱ्या दिवशी नळाजवळ पाण्याचे दोन टब ठेवले. बुधवारी बादली ८०० ग्रॅम, कडकडीत ऊन असताना. आणि शुक्रवारी काय झालं? खिचडी पुरली नाही! पातेलं खरवडलं तरी दुसरीची पोरं ताटल्या वाजवतायत. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "आता बोलवा मुख्याध्यापकांना," म्हणाल्या.

मी मावशींची माफी मागितली. सगळ्यांसमोर.

पुन्हा सांगते. आधी मोजा, मग बोला. ती वही नसती तर मी अजून भाषणंच करत असते. आता रेडिओवर करतेय, ती गोष्ट वेगळी.

बादलीत उरलेल्या पाऊण किलोचं आम्ही खत केलं. ते घरी कुणालाही जमतं, चटकन सांगते. जुन्या पिंपाला भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या, वर एक ओंजळ ओलं तर दोन-तीन ओंजळी वाळका पाला. सुरुवातीला थोडा शेणकाला. काडीनं हलवत राहायचं. वास आला म्हणजे ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली, पाला घाला, वास जातो. तेलामिठाचं शिजलेलं अन्न बेतानंच घाला. दोनेक महिन्यांत पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला, की झालं.

पहिली-दुसरीच्या मुलांना पिंपापेक्षा कुंडी आवडते. एका कुंडीत संत्र्याची साल, पिंपळाचं पान, पेन्सिलचं टोक काढल्यावरचा भुस्सा आणि कुरकुरीत वेफर्सची चकचकीत पिशवी गाडायची. काही महिन्यांनी उकरायची. साल सापडत नाही, पानाची जाळी झालेली असते आणि पिशवी तशीच, धुतली तर चमकते. रद्दीवाला ती घेत का नाही, हे मग मुलं स्वतःच त्याला विचारतात. प्लास्टिकला आतून अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो सहज सुटा करता येत नाही. मग ती विकणार कुणाला?

आता माझी एक तक्रार. पर्यावरणाचा 'प्रकल्प' म्हणून मुलं काय आणतात? थर्माकोलची पंचगंगा! थर्माकोलच्या ताटवाट्यांवर नि सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ सालीच बंदी आली, आणि आम्ही त्याच थर्माकोलवर निळा रंग मारून 'नदी वाचवा' लिहितो. तो प्रकल्प मुलाचे आईवडील रात्री अकरापर्यंत जागून करतात, बाई त्याला दहापैकी नऊ गुण देतात आणि वर्षाअखेरी तो कोंडाळ्यात जातो. मीही दिलेत गुण.

मुलांना 'टाकू नका' पेक्षा 'कुठं द्यायचं' हे लवकर कळतं. होळीला आपल्याकडं शेणी, म्हणजे गोवऱ्या, जाळण्याऐवजी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान देतात. आमची पोरं घरोघर फिरून शेणी गोळा करायची. हे काम आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही, डोक्यावर कुणाच्या जास्त मावतात याचीच चढाओढ.

काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ झाली. पण वाघ्याचं सांगायचं राहिलं. क्रम बदलल्यावर तो पंधरा दिवस फाटकाबाहेर बसून राहिला. बादली यायची ती जवळपास रिकामी. पोरांना दया आली, त्यांनी मला विचारलं, "बाई, वाघ्यासाठी थोडी टाकली तर चालंल का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मावशी पातेल्याची करपलेली खरवड त्याला घालायला लागल्या, पण तेवढ्यानं त्याचं भागेना. एक दिवस तो दिसलाच नाही. पोरांनी शोध घेतला. दोन गल्ल्या सोडून दुसरी शाळा आहे, तिच्या फाटकाबाहेर बसला होता, पूर्वीसारखाच गोल. तिथं अजून आधी जेवण होतं, मग खेळ.

नमस्कार.