तुमच्या मुलाला काय बरोबर वाटतं?

नमस्कार. वाढत्या वयातल्या मुलांना समजून घ्यायला मदत करणारी पुस्तकं, असा विषय मला दिला आहे. इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी आठवी ते बारावीतलं मूल आहे, असंही संयोजकांनी सांगितलं. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. पालकत्वावरची पुस्तकं आपण बहुधा एकाच घाईने चाळतो. मुलगा ऐकत नाही, काय करू? मुलगी उलट बोलते, काय करू? हातातला मोबाइल सुटत नाही, काय करू? या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र राहून जातो: या पोराला स्वतःला काय बरोबर वाटतं आणि काय चूक? पंधराव्या वर्षी मुलांची स्वतःची मूल्यं असतात, आणि ती चांगली कडक असतात. पण बऱ्याचदा ती आपल्याला न पटणाऱ्या वागण्यातून बाहेर येतात, त्यामुळे आपल्याला वागणं तेवढं दिसतं. ते मूल्य ओळखायची नजर सल्ल्याच्या पुस्तकांपेक्षा आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या जास्त देतात, असं माझं ठाम मत आहे.

गांधीजींची आत्मकथा, 'सत्याचे प्रयोग', पुष्कळ घरांत असते. तिचा पहिला भाग आई किंवा बाप म्हणून पुन्हा वाचा. राजकोटमधला शाळकरी मोहन एका मित्राच्या नादाने, घरच्यांपासून लपून मांस खातो. घर वैष्णव, आई व्रतवैकल्यं करणारी. नदीकाठी एकांतात खाल्लेलं ते बकऱ्याचं मांस त्याला चामड्यासारखं चिवट लागतं. रात्री झोप लागत नाही, पोटात जिवंत बकरं ओरडतंय असं वाटत राहतं. तरीही तो थांबत नाही, मांस खाणं हे कर्तव्य आहे अशी मनाची समजूत घालतो. कर्तव्य कशाचं? इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत, आपणही बलवान होऊ, त्यांना हरवू आणि देश स्वतंत्र करू! जवळपास वर्षभर हे चालतं. मग तो सोडतो, तेही मांस वाईट म्हणून नाही. बाहेर खाऊन आल्यावर आईला 'आज भूक नाही' असं खोटं सांगावं लागतं, ते त्याला सोसत नाही. आईवडील आहेत तोवर खायचं नाही, असं तो ठरवतो.

त्या काळात त्याच्या घरात कुणाला हे कळलं असतं, तर काय दिसलं असतं? मुलगा बिघडला, संगत वाईट, एवढंच. आत देशप्रेम आहे, आईशी खोटं न बोलण्याची तळमळ आहे आणि दोन्हींची ओढाताण चालू आहे, हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

पुढची हकिकत तुम्हाला माहीत असेल, पण सावकाश वाचण्यासारखी आहे. पंधराव्या वर्षी त्याने कर्ज फेडण्यासाठी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. कर्जही भावाचंच होतं, पंचवीसेक रुपयांचं. कर्ज फिटलं, पण मनावरचं ओझं काही उतरेना. तोंडाने सांगायचा धीर नव्हता. मारतील अशी भीती नव्हती, वडिलांना किती दुःख होईल ही होती. म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. चोरी कबूल केली, शिक्षा मागितली, आणि माझ्या गुन्ह्यासाठी स्वतःला त्रास करून घेऊ नका, अशी विनवणीही केली. वडील भगंदराने आजारी, साध्या लाकडी पाटावर पडून असत. ते उठून बसले, चिठ्ठी वाचली, अश्रूंनी कागद भिजला. क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले.

वडिलांचं मोठेपण आपण वाखाणतो, ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या आधीचं मोल जास्त वाटतं. त्या घरात मुलाला चिठ्ठी लिहावीशी वाटली.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने या वयावर मूलभूत काम केलं. 'मी कोण?' या तरुण वयातल्या पेचावरचं त्याचं पुस्तक 1968 सालचं, आणि लगेच 1969 मध्ये गांधीजींवरचं. या वयात घडणारा गुण म्हणून त्याने निष्ठेचं नाव घेतलं. कुणाशी तरी, कशाशी तरी मनापासून इमान राखायचं असतं. मित्र, खेळाडू, एखादी विचारसरणी, कधी एखादा बुवासुद्धा. मिलिंद बोकील यांची 'शाळा' हे इमान आपल्या मातीत दाखवते. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर नावाची मुलगी. पोरांचे आपापसातले अलिखित नियम किती पक्के आहेत ते बघा. आणि नरूमामाकडे नीट लक्ष द्या. मुकुंद मनातलं त्याच्यापाशी बोलतो. घरात असा एखादा मामा, आत्या, मोठी चुलत बहीण असेल, तर मत्सर करू नका, त्यांना जपा.

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपण 'संस्कार' म्हणून मुलांच्या हाती देतो. त्यातला दलित म्हातारीच्या मोळीचा प्रसंग आठवा. आई श्यामला म्हणते, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. दया आहे, पण विटाळही पाळलेला आहे. याच गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. आईने दिलेलं मूल्य मुलाने तिच्या रूढीच्या पुढे नेलं. तुमची मुलगी घरातल्या एखाद्या चालीरीतीवर भांडते, तेव्हा ती तुमच्याकडूनच शिकलेलं काही पुढे नेत नाही ना, हे एकदा तपासा. मुलींच्या बाजूने दलित लेखिका ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' हे आत्मकथन जरूर वाचा. शाळेतल्या गुरुजींनी शेण काढायला सांगितल्यावर नकार देणारी शाळकरी मुलगी आणि तिच्यासाठी गुरुजींना जाब विचारणारी, टोपल्या विणून संसार चालवणारी आई त्यात आहे.

सल्ल्याचं पुस्तक हवंच असेल, तर हाइम गिनॉट यांचं किशोरवयीन मुलांशी संवादावरचं, 1969 सालचं. एक गोष्ट ते फार चांगली शिकवतात: वागण्याबद्दल बोला, स्वभावावर शिक्का मारू नका. मैत्रीण कुठे आहे हे माहीत असून मुलीने तिच्या आईला सांगितलं नाही, समजा. 'तू खोटारडी आहेस' म्हटलं की संवाद तिथेच संपतो. 'तिला अडचणीत आणायचं नव्हतं ना तुला? पण रात्रीचे दहा वाजले होते आणि तिची आई रडत होती' असं म्हटलं, तर मैत्रीचा मान राहतो आणि काळजीही पोचते. मर्यादा घालायचीच आहे, फक्त तिच्या निष्ठेला लाथ मारून नाही.

यातलं कुठलंही पुस्तक 'वाच, तुझ्या भल्याचं आहे' म्हणून मुलांपुढे टाकू नका. स्वतः वाचा. मग जेवताना विचारा: मोहनने भावाचं कर्ज फेडायला चोरी केली, ती तुला कशी वाटते? येईल ते उत्तर लगेच दुरुस्त करू नका. 'का गं?' एवढंच विचारा आणि ताटातलं संपेपर्यंत ऐका.