पाय टेकतो का?

[दृश्य: लालबागची गल्ली. फुटपाथवर सायकल दुरुस्तीचं दुकान. उलट्या ठेवलेल्या दोन सायकली, पाण्याचं घमेलं, टांगलेल्या ट्यूबा.]

दुकानात सायकल घ्यायला आलेला माणूस तिच्यावर बसतो आणि आधी काय करतो? ब्रेक दाबत नाही, हँडल वळवत नाही. दोन्ही पाय खाली सोडून बघतो. टेकले तर खूश. नाही टेकले तर लगेच, "काका, सीट जरा खाली घ्या ना."

काका पाना लावतात, सीट दाबतात, नट आवळतात. सायकल मापात बसली, असं दोघांनाही वाटतं.

मुंबईतल्या बहुतेक सायकली याच मापाने चालतात. शिवडीपासून दहिसरपर्यंत कुठल्याही सिग्नलला उभे राहा आणि फक्त गुडघे बघा. पायडल खाली गेलं तरी गुडघा वाकलेलाच. पायडल वर आलं की मांडी पोटाला लागायला येते. चालवणारा घामाघूम, आणि त्याला वाटतं सायकल जड आहे. सायकल जड नसते. सीट खाली असते.

[दृश्य: जवळून. पायडल मारणारा गुडघा, बाजूने.]

गुडघा जितका जास्त वाकलेला असताना आपण जोर लावतो, तितकी गुडघ्याची वाटी खालच्या हाडावर जास्त दाबली जाते. सीट खाली ठेवून सायकल चालवणं म्हणजे दिवसभर अर्ध्या बैठका मारणं. म्हणूनच दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी येतं. सीट फार वर गेली तर उलटं होतं. पाय पायडलपर्यंत ताणावा लागतो, दुखणं गुडघ्याच्या मागे जातं आणि कंबर दर फेऱ्याला डावी-उजवीकडे डोलते. मागून चालणाऱ्या माणसालाही ते डोलणं दिसतं. कुणाची तक्रार ऐकायच्या आधी दुखतं कुठे, पुढे की मागे, एवढं विचारलं तरी अर्धा निकाल लागतो.

मग सीट किती उंच? यासाठी पाना सोडून काहीही लागत नाही. सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, आणि टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे. टाच पायडल सोडायला लागली तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेला राहिला तर खाली आहे. आता टाचेच्या जागी चवडा आणा. सायकल नेहमी चवड्यानेच चालवायची. गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा, आणि तोच हवा. एक सूचना: रोज जे घालून सायकल चालवता तेच पायात घालून हे माप घ्या. स्लिपर आणि जाड तळव्याचे बूट यांत दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी आकडेही आहेत. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांत एक जाडसर पुस्तक धरून जांघेपर्यंत वर ओढा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ७६ सेंटिमीटर आले. त्याला ०.८८३ ने गुणायचं, म्हणजे ६७ सेंटिमीटर. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याला असतं त्याच्या, मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवायचं. हा आकडा टूर द फ्रान्स तीन वेळा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आधी, १९६७ साली, हॅम्ली आणि थॉमस या दोन ब्रिटिश संशोधकांनी दुसरं माप सांगितलं होतं: पायडल सगळ्यात खाली असताना तिथपासून सीटपर्यंत पायाच्या याच मापाच्या १०९ टक्के. म्हणजे आपल्या उदाहरणात जवळजवळ ८३ सेंटिमीटर. हे एक्सलपासून नाही, पायडलपासून मोजलेलं, म्हणून आकडा मोठा. दोन्ही मापं लावून बघितली तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर इकडे-तिकडे होतं. त्यावरून वाद घालत बसू नये. ही सुरुवात आहे, शेवट गुडघा ठरवेल.

[दृश्य: दुकानातले काका सायकलशेजारी वाकून माप घेतायत. टेप नाही.]

काकांकडे टेप नाही. ते गिऱ्हाइकाला सायकलच्या बाजूला उभं करतात. "हाताची बोटं खाली क्रँकच्या एक्सलला लाव, आणि सीट काखेत येते का बघ." आली, की उंची ठीक. मग कोपर सीटच्या टोकाला टेकवायला सांगतात. बोटं पुढे हँडलपर्यंत पोचली, की लांबी ठीक. ही जुन्या दुकानांतली पद्धत. लांब हातांच्या माणसाला ती फसवते, हे खरं. पण नवीन माणसाला दोन मिनिटांत बरोबरच्या आसपास आणून सोडते. मोठ्या दुकानांत कॅमेरे लावून, काही हजार घेऊन जे फिटिंग करतात, त्याची सुरुवातही आसपासपासूनच होते.

एवढं सगळं समजावून सीट वर नेली, की गिऱ्हाईक पुन्हा पाय सोडून बघतं. पाय टेकत नाहीत. चेहरा पडतो. "काका, ट्रॅफिकमध्ये काय करणार?"

प्रश्न चुकीचा नाही. पुढे बेस्टची बस अचानक थांबते, रिक्षा आडवी येते, खड्डा दिसतो तो चाकाखाली आल्यावर. अशा रस्त्यावर पाय जमिनीला लागावा असं कुणाला वाटणार नाही? पण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकत असतील, तर नेहमीच्या सायकलवर ती सीट खालीच आहे. क्रँकचा एक्सल जमिनीपासून जवळजवळ फूटभर वर असतो आणि पाय सरळ व्हायला हवा तो पायडलवर, रस्त्यावर नाही. दोन्ही एकदम साधणार नाही. फार तर एका पायाची बोटं टेकतील.

तेव्हा बदलायची आहे ती सीट नाही, थांबायची पद्धत.

[दृश्य: चर्चगेट स्टेशनबाहेर. पांढऱ्या टोप्या, डब्यांनी लगडलेल्या काळ्या सायकली.]

ती पद्धत बघायची तर डबेवाल्यांकडे बघा. १८९० पासून ही सेवा मुंबईत चालते, आणि माणसं बहुतेक मावळ, खेड, जुन्नरकडची. हाताशी काळी, दांड्याची, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची सायकल. कॅरियरला डबे, हँडलला दोन्ही बाजूंना डबे. इतकं ओझं असलेली सायकल सीटवर बसून, पाय टेकवून कुणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून ते तसं करतच नाहीत. एक पाय पायडलवर, दुसऱ्याने जमीन रेटायची, वेग आला की टांग मारायची. थांबायच्या आधी टांग परत मागून आणायची आणि एका पायडलवर उभं राहत खाली उतरायचं. सायकल थांबते तेव्हा माणूस आधीच जमिनीवर असतो.

आपल्याला इतकं करायची गरज नाही. थांबताना ब्रेक दाबत सीटवरून पुढे सरकायचं, दांड्याच्या वर दोन पायांत सायकल घेऊन उभं राहायचं आणि डावा पाय टेकायचा. डावा, कारण आपली बाजू डावी, आणि फुटपाथची कड तिथे मिळते. निघताना उजवं पायडल वर, घड्याळात दोन वाजलेत तिथे आणून ठेवायचं. त्यावर जोर दिला की सायकल चालू लागते आणि त्याच दाबाने अंग सीटवर उचललं जातं. मोकळ्या मैदानात अर्धा तास हे केलं, तर पाय टेकत नाहीत ही भीती जाते. ज्यांना हे नकोच वाटतं, किंवा जे साडी, कुर्ता घालून चालवतात, त्यांनी आडवा दांडा नसलेली फ्रेम घ्यावी. पुरुषांनीही घ्यावी. ती लेडीज सायकल म्हणून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही. गर्दीत उतरायला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

फ्रेमवरून आणखी एक. आपल्याकडे सायकल मागताना माणूस "२६ची द्या" म्हणतो. २६ हा चाकाचा व्यास झाला. तुमच्या पायाला मतलब असतो फ्रेमच्या उंचीशी, म्हणजे क्रँकपासून सीटचा पाइप फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथपर्यंतच्या नळीशी. काळ्या सायकलीत ती २२ किंवा २४ इंची मिळते. बुटक्या माणसाला २४ची फ्रेम दिली तर सीट पूर्ण खाली दाबूनही उंचच राहते, मग कितीही फिटिंग करा. दांड्यावर पाय फाकून उभं राहिलं की अंग आणि दांडा यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. नाही राहिली तर ती सायकल आपली नाही. भाच्याची जुनी म्हणून फुकट मिळाली तरी नाही.

[दृश्य: सीटखालचा क्लॅम्प. रुळांवर सीट पुढे-मागे सरकते.]

उंची झाली. आता पुढे-मागे. क्रँक जमिनीला समांतर करा, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा. दोरा साधारण पायडलच्या एक्सलवरून जावा. यामागे मोठं शास्त्र नाही, पण सुरुवात चांगली होते. सीट पुढे सरकवली की ती पायडलच्या जवळही येते, म्हणजे उंची किंचित कमी होते. ती परत तपासावी लागते. आणि हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढू नका. गुडघ्याचा हिशेब गुडघ्याशी, हाताचा हाताशी.

सीट सपाट ठेवा. टोक वर असेल तर नाजूक जागी दाब येऊन बधिरपणा येतो. टोक खाली असेल तर अंग घसरत पुढे येतं आणि सगळा भार मनगटांवर पडतो. आपण बसतो ती दोन हाडं सीटच्या रुंद भागावर यायला हवीत. ताठ बसून चालवणाऱ्याला डबेवाल्यांसारखी रुंद, स्प्रिंगची सीट शोभते. हँडलवर वाकून चालवणाऱ्याला तीच सीट मांड्यांना घासते. जाड मऊ कव्हर घालणं हा उपाय बहुतेक वेळा उलटतो. हाडं मऊ भागात रुततात आणि दाब नको तिथे जातो.

हँडलची उंची कळते ती बोटांवरून. अर्ध्या तासाने करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळव्याच्या त्या बाजूची नस दबतेय. हँडल वर घ्या, पकड बदलत राहा, कोपर थोडं वाकवा. जुन्या सायकलीत हँडलच्या मधोमध वर एक बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे सैल करायचा, काढायचा नाही. वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की आतली पाचर सुटते आणि हँडल वर येतं. नव्या सायकलींत पाचर नसते, चकत्या असतात. त्या वरच्या खाली करता येतात, नाहीतर पुढे आलेला तुकडा उलटा फिरवून बसवतात, पण ते दुकानात करून घ्या. पाठीवर खाण्याची मोठी बॅग घेऊन फिरणाऱ्या पोरांनी तर हँडल वरच ठेवावं. बॅगेचं वजन खांद्यावरून मनगटात उतरतं.

ब्रेकचे दांडे हाताच्या रेषेत, किंचित खाली झुकलेले असावेत. हात लहान असेल तर दांड्याजवळचा छोटा स्क्रू पिळून तो जवळ आणता येतो. मुलांच्या सायकलीत हे कुणी करत नाही, आणि मूल दोन बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढत उतार उतरतं.

[दृश्य: गंजलेला सीटचा पाइप. काका तेल सोडतायत.]

या सगळ्याआधी सीट हलली मात्र पाहिजे. मुंबईची खारी हवा आणि चार महिने पाऊस यांत सीटचा पाइप फ्रेममध्ये घट्ट बसतो. पाइप अॅल्युमिनियमचा आणि फ्रेम लोखंडाची असेल, तर खारट ओलाव्यात दोन धातूंत गंज धरतो आणि ते एकमेकांना सोडत नाहीत. काका तेल सोडून सायकल रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी सीटच पकडून डावी-उजवीकडे फिरवतात. नुसतं ओढून तो निघत नाही. निघाला की आतून लाल चिखलासारखा गंज येतो. तो पॉलिश पेपरने घासायचा, ग्रीस लावायचा, मग पाइप परत घालायचा. जागेवर लाल चिकटपट्टी लावून खूण करायची. पाइपवर 'याच्या वर काढू नये' अशी रेघ कोरलेली असते. ती फ्रेमबाहेर दिसली की पाइप किंवा फ्रेमचं तोंड तुटू शकतं. उंची तरीही पुरत नसेल तर लांब पाइप घ्या, रेघेशी खेळू नका. उलट पाइप सैल असेल, सीट आपसूक खाली घसरत असेल, तर काका डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत घालतात. चालतं, पण पट्टी पूर्ण गोल फिरली पाहिजे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सीटही वर, हँडलही वर, टोकही खाली असं एकदम केलंत, तर बरं कशाने वाटलं ते कळणार नाही आणि दुखलं कशाने तेही. बदल अर्ध्या सेंटिमीटरचा करा, दोन-तीन दिवस नेहमीच्या रस्त्याने चालवा, मग पुढचा. फार दिवस खाली सीटवर चालवलं असेल तर एकदम पूर्ण वर नेऊ नका, मांडीच्या मागचे स्नायू तक्रार करतील. पावसाळ्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा सीटचा पाइप काढून ग्रीस लावून घ्या. लालबागचे काका एवढं काम चहाच्या पैशांत करून देतात, आणि नट आवळता आवळता एकदा परत विचारतात, "टाच लावून बघितली का?"